गुरुवार, चार ते पाच

एलादियो मोनफोर्त आयुष्यात एकच निवडणूक जिंकला, आणि तीही चिठ्ठ्या टाकून. 'एल नारान्हाल' वसाहतीच्या पहिल्या सभेत अध्यक्ष कोण होतंय असं विचारल्यावर चौतीस घरमालकांनी एकाच वेळी आपापल्या बुटांकडे पाहिलं. मग निकानोर नावाच्या शेजाऱ्याच्या टोपीत घरांचे नंबर टाकले आणि त्यातून 'दुसरा मजला, अ' बाहेर आला. टाळ्या अशा पडल्या की या पदासाठी एलादियोने जन्मभर खटपट केली असावी. आमच्याकडे वसाहतीचं अध्यक्षपद नाकारायचं तर थेट न्यायाधीशापुढे जाऊन सबळ कारण द्यावं लागतं. एलादियोकडे 'मला नको' याखेरीज कारण नव्हतं, म्हणून तो उभा राहिला आणि त्याने सगळ्यांचे आभार मानले.

पस्तीस वर्षं जमीन नोंदणी कचेरीत कारकुनी केल्यामुळे त्याची एक श्रद्धा पक्की होती. कुठलंही संकट क्रमांक घालून कागदावर उतरवलं की निम्मं सुटतं. नव्याकोऱ्या इमारतीत सगळ्यांच्या वापराचं जे जे बिघडलेलं होतं त्याची त्याने यादी केली, ती एकेचाळीस कलमांवर गेली. सभागृहाचं दार उघडलं की खांबावर आपटे, त्यामुळे सभेला येणाऱ्याला आडवं होऊन आत शिरावं लागे. हे कलम नऊ. तिसऱ्या मजल्याची बेल दाबली की पहिल्या मजल्यावर वाजे, कलम बारा. फाटकाशी शोभेसाठी संत्र्याचं एक जुनं झाड ठेवलं होतं, ते ठेवल्या दिवसापासून वाळत होतं, कलम सतरा. वसाहतीच्या नावाचा अर्थच मुळी संत्र्यांची बाग, आणि वसाहत उभी राहिली ती बाग तोडून. तेव्हा नावाला जागण्यापुरतं एक झाड ठेवलेलं, तेही मरायला टेकलेलं. लिफ्ट कुणी न बोलावता तळघरात जाते, हे कलम दोन. आणि कलम एक होतं पोहण्याच्या तलावाचं.

या सगळ्याला मुदत होती. ताबा दिल्यापासून एक वर्ष बिल्डरची जबाबदारी. जूनच्या शेवटच्या गुरुवारी बिल्डरचा माणूस येणार, जे दोष कबूल करेल ते तो दुरुस्त करणार, आणि जे सुटेल ते वसाहतीच्या गळ्यात कायमचं पडणार.

दुसरी मुदत एन्कार्नाने, म्हणजे बायकोने दिली होती. ती कागदावर नव्हती म्हणून एलादियो तिला जास्त भीत होता. वडिलांचं गावातलं घर आणि भाजीचा मळा सोडून एन्कार्ना या पांढऱ्याशुभ्र फ्लॅटमध्ये आली ती त्याच्या हट्टाखातर. सगळं सामान लावून झालं, पण एक लांबट पेटी तिने सुतळीने बांधलेली तशीच दाराशी उभी ठेवली होती.

"ही उघडायची नाही," ती म्हणाली होती. "परत न्यायला बरी पडेल. जूनअखेरपर्यंत हे घर मला घर वाटलं तर वाटलं. नाहीतर मी ओंदाला बहिणीकडे जाते, तू इथे तुझ्या लिफ्टशी गप्पा मार."

रोज बाहेर पडताना एलादियो त्या पेटीला अडखळत असे.

तर तलाव. तलाव गळत होता, पण गळायची त्याची रीत चमत्कारिक होती. शुक्रवार ते बुधवार पाण्याचा थेंब हलत नसे. गुरुवारी मात्र बरोबर चार बोटं पाणी कमी. एलादियोने फरशीवर पेन्सिलीने रेघा मारल्या, सहा आठवड्यांची वही भरली, आणि मग शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले.

"ऊन आहे, पाणी उडून जातं," निकानोर म्हणाला. हा पोलिसातून निवृत्त झालेला हवालदार. संशय घ्यायची सवय त्याने नोकरीबरोबर परत केली नव्हती.

"फक्त गुरुवारी उडतं?"

"मग कुणीतरी चोरतंय. मला आतल्याच माणसाचा वास येतोय."

पहिल्या मजल्यावरच्या दोन्या हासिंता रोज सकाळी साडेदहाला तलावात तासभर तरंगत. आमच्याकडे बाईला मानाने दोन्या म्हणतात, पुरुषाला डॉन. हासिंताबाईंचं म्हणणं, नळकामवाले अशा वेळी पाण्यात हिरवा रंग सोडतात. जिथून गळत असेल तिथे हिरवा डाग पडतो आणि चोर सापडतो. सल्ला चांगला होता. एलादियोने बुधवारी संध्याकाळी रंग सोडला आणि आपण सोडल्याचं हासिंताबाईंना सांगायचं राहून गेलं. गुरुवारी साडेअकराला त्या पाण्यातून बाहेर आल्या तेव्हा त्यांचे पांढरे केस कोवळ्या वाटाण्याच्या रंगाचे झाले होते.

"डॉन एलादियो," त्या शांतपणे म्हणाल्या, "शनिवारी माझ्या भाचीचं लग्न आहे."

एलादियोने माफी मागितली, ती त्यांनी लेखी मागितली. तीही त्याने दिली.

पण खरा प्रकार त्याच दुपारी घडला. चार वाजता एलादियो वही घेऊन तलावाकाठी छत्रीखाली बसला. आमच्याकडची दुपार ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको. सगळ्या खिडक्यांचे पडदे खाली, सगळी माणसं जेवून आडवी, चौतीस घरांत मिळून एक चमचा वाजत नाही. किर्र करणारे किडेसुद्धा चारच्या सुमाराला गप्प झाले. आणि पाणी उतरू लागलं. ना भोवरा, ना बुडबुडा, ना गुळगुळ. फरशीची एक ओळ उघडी पडली, मग तिच्याखालची अर्धी. कुणीतरी पाटाचं दार उघडून, पाण्यावर लक्ष ठेवून, मापात घेत असल्यासारखं ते चाललं होतं. एलादियोला उगाचच वाटलं की आपण दुसऱ्याच्या कामात लुडबुड करतोय, आणि त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

पाचला दोन मिनिटं कमी असताना पाणी थांबलं. मग काठावर, कोरड्या दगडावर, एक हिरवं ओलं पाऊल उमटलं. त्याच्यापुढे दुसरं. पाऊल उमटायचं, पण पाय कुठे नव्हता. घाई नसलेल्या, दिवसभर काम केलेल्या माणसाच्या चालीने ती पावलं एलादियोच्या खुर्चीला वळसा घालून लिफ्टकडे गेली. लिफ्टचं दार उघडलं, मिटलं, आणि लिफ्ट तळघरात निघून गेली. मागे संत्र्याच्या फुलांचा दाट वास राहिला, आणि जूनमध्ये संत्र्याला फूल नसतं.

कलम एक आणि कलम दोन हे एकच कलम आहे, एवढंच त्या क्षणी एलादियोच्या डोक्यात आलं. कारकुनाचं डोकं भीतीतही आधी यादी नीट करतं.

तळघरातल्या गाड्यांच्या जागेत ती पावलं चौदा नंबरवर, निकानोरच्या गाडीखाली शिरून भिंतीपाशी संपली होती. निकानोर हात मागे बांधून त्यांच्याभोवती तीन वेळा फिरला.

"वीस वर्षं तस्करांचे माग काढले," तो म्हणाला. "भिंतीत गेलेला हा पहिलाच. बनाव आहे. अध्यक्षसाहेब, सगळ्यांच्या पायांची मापं घ्या."

इथे एलादियोने ऐकायला नको होतं. पण त्याला तो बनावच असायला हवा होता. दुसरं जे काही असू शकलं असतं त्याला त्याच्या यादीत जागा नव्हती. पुढचे चार दिवस तो खिशात टेप घालून तलावाकाठी रेंगाळला आणि लोकांनी काढून ठेवलेल्या चपला मोजत राहिला. सोमवारी हासिंताबाईंच्या सपातेशेजारी तो गुडघ्यावर बसलेला असताना सपातेत पाय असल्याचं त्याच्या उशिरा लक्षात आलं.

"केस झाले," त्या वरून म्हणाल्या. "आता पाय. डॉन एलादियो, तुमच्या बायकोला मी काय सांगू?"

सांगायची गरज पडली नाही, कारण एन्कार्ना मागेच उभी होती. एवढा तमाशा झाल्यावर ती कित्येक दिवसांनी खाली आली होती. तिने नवऱ्याला उठवलं, टेप काढून घेतला आणि तळघरात जाऊन भिंतीजवळचे वाळलेले हिरवे ठसे वाकून पाहिले. तळाला दोरीच्या विणीची नक्षी उठली होती.

"यात कसला बनाव," ती म्हणाली. "दोरीच्या सपाता आहेत. डाव्या टाचेवर जोर आहे बघ. उजव्या पायाने फावडं दाबून दाबून असं होतं. माझे वडील असेच चालायचे. मळ्याला पाणी देऊन परत चाललाय माणूस."

"भिंतीतून?"

"त्याच्या वेळेला भिंत नव्हती." तिने निकानोरकडे वळून विचारलं, "ही बाग कुणाची होती?"

निकानोर इथल्याच गावचा. त्याने टोपी काढली. "तिओ सेन्तोची. सेन्तो गार्गायो. पोरंबाळं नव्हती. आम्ही सगळे त्याला काकाच म्हणायचो. सहा वर्षं झाली जाऊन. या भिंतीमागेच पाट होता, आणि इथे बागेला पाणी सोडायचं दार."

एलादियोला पायाखालची फरशी गार लागली. पण कारकुनाने घाबरून चालत नाही. त्याने दुसऱ्याच दिवशी कालव्याच्या पाणीवाटपाची कचेरी गाठली. तिथला फेलिउ नावाचा म्हातारा एकाच टेबलापाशी चाळीस वर्षं बसून त्या टेबलासारखा झाला होता. त्याने एक जाडजूड वही उघडली.

"तुकडा दोनशे बारा. सेन्तो गार्गायो. पाण्याची पाळी गुरुवार, चार ते पाच. चालू."

"चालू कसं? ते वारले."

"आम्हाला कुणी कळवलं नाही."

"मी कळवतोय ना."

"तुम्ही कोण त्यांचे?"

एलादियोने बराच विचार केला. "त्यांच्या जागेवरच्या वसाहतीचा अध्यक्ष."

"मग नाही चालत. नाव कमी करायला धन्याने स्वतः यायचं, ओळखपत्र घेऊन."

"पण ते दर गुरुवारी पाणी घेतायत. आमच्या पोहण्याच्या तलावातून."

फेलिउला याचं काहीच वाटलं नाही. त्याने चष्मा पुसला. "त्यांच्या पाळीतच घेतायत ना? पाचच्या पुढे?"

"नाही. दोन मिनिटं आधीच थांबतात."

"सेन्तो तसाच होता. दुसऱ्याच्या पाळीत घेतलं तर गुन्हा. स्वतःच्या पाळीत घेतलं तर काय गुन्हा? पाट तुम्ही बुजवलात. माणूस मिळेल तिथून घेणार."

"पण जमीन विकली गेलीय. कायदेशीर नोंद झालीय."

"जमीन विकली, पुतण्याने. पाळी जमिनीबरोबर जाते, ती नव्या मालकाच्या नावावर चढवायची असते. ज्याने नोंद केली त्याने पाण्याची ओळच गाळली. आता ना ती तुमची झाली, ना त्याची सुटली." फेलिउने वहीतून एक प्रत काढून पुढे सरकवली. "हे पाहा. कोण शहाणा होता कुणास ठाऊक."

प्रतीच्या तळाशी एलादियोची सही होती. ए. मोनफोर्त, खाली दुहेरी रेघ, जी मारताना त्याला जन्मभर अभिमान वाटला. आणि त्याला ते लख्ख आठवलं. सहा वर्षांपूर्वी कचेरीत नवा छापील नमुना आला होता. त्यात पाण्याच्या पाळीचा रकाना नव्हता. जिथे रकाना नाही तिथे मजकूर नाही, असं म्हणून त्याने ती ओळ सोडून दिली आणि जेवायला गेला. फेलिउने सहीकडे पाहिलं, अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वही हळूच मिटली.

घरी आल्यावर त्याने एन्कार्नाला सगळं सांगितलं. 

"म्हणजे तू त्या माणसाचं पाणी तोडलंस," ती म्हणाली.

"मी नाही. नमुन्यात रकाना—"

"माझ्या वडिलांच्या वेळी कुणी कुणाचं पाणी तोडलं तर त्याला गावात कुणी पाव विकत नसे. मी म्हणत होते या घरात मला कसलं तरी अवघडल्यासारखं होतं. ओंदाची बस शुक्रवारी सकाळी नऊला आहे, एलादियो."

जूनचा शेवटचा गुरुवार उजाडला. बिल्डरचा माणूस बाराचिना साडेतीनला आला. पांढरे बूट, पांढरी पँट आणि तोंडात पेपरमिंटची गोळी. चाळीस कलमं त्याने मान हलवत कबूल केली, कारण ती पूर्ण करायचा त्याचा काही विचार नव्हता. तलावाशी मात्र तो थांबला.

"हे ऊन आहे, डॉन एलादियो. पाणी उडतं."

"चारपर्यंत थांबा," एलादियो म्हणाला. आज त्याने छत्रीखाली दोन खुर्च्या मांडल्या होत्या. वरच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे खाली होते, पण प्रत्येक पडदा तळाशी चार बोटं उघडा होता आणि त्यामागे बहुधा अख्खी वसाहत पालथी पडून पाहत होती. एन्कार्ना मात्र दिसत नव्हती.

चार वाजले. किडे गप्प झाले. पाणी उतरू लागलं, तसंच मोजून मापून. बाराचिनाने आधी पाण्याकडे पाहिलं, मग पंपाकडे, मग एलादियो पायाने काही दाबतोय का हे पाहायला टेबलाखाली. हळूहळू त्याने गोळी चघळणं बंद केलं.  पाचला दोन मिनिटं कमी असताना काठावर पहिलं पाऊल उमटलं. घाबरून उठलेला बाराचिना नेमका वाटेत उभा होता. पावलं त्याच्यासमोर येऊन थांबली. त्याच्या पांढऱ्या बुटांच्या टोकांपाशी पाण्याचं लहानसं डबकं साचू लागलं.

"माफ करा," बाराचिना म्हणाला, आणि बाजूला झाला.

पावलं पुढे गेली. लिफ्टचं दार मिटलं. बाराचिनाने टेबलावरचा कागद ओढला आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस कलमांपुढे न वाचता सह्या केल्या. आवाज मात्र त्याने धंद्याचाच ठेवला होता.

"उद्याच माणसं पाठवतो. तलाव फोडू, नवा बांधू. तळघरातल्या त्या भिंतीमागे जे काही असेल ते खणून काँक्रीटने भरून टाकू. पुन्हा काही यायचं नाही, मी जबाबदार. इथे खाली फक्त तुमची सही द्या."

एका वर्षात जे एकाही अध्यक्षाला मिळालं नसतं ते समोर पडलं होतं.  एलादियोने पेन उचललं. आपण एका माणसाचं पाणी एकदा रकाना नाही म्हणून तोडलं, आता रकाना असून दुसऱ्यांदा तोडतोय, हे त्याला दिसत होतं. त्याने कलम एकवर आडवी रेघ ओढली, मग दोनवरही, आणि समासात आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: दोष नाही. गुरुवार, चार ते पाच, सेन्तो गार्गायो यांची पाण्याची पाळी. खाली सही, आणि सहीखाली दुहेरी रेघ.

बाराचिना कागद घेऊन गेला, त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. लगेच निकानोर खाली उतरला. त्याच्यामागे हासिंताबाई, डोक्याला फडकं बांधून.

"अध्यक्षसाहेब," निकानोर म्हणाला, "हातात आलेला तलाव सोडलात. दर गुरुवारी चार बोटं पाणी, जन्मभर. लोकांना काय सांगणार?"

 उत्तर हासिंताबाईंनी दिलं.

"अरे, पण चार वाजता पोहतं कोण? अडीचला जेवायचं, मग दोन-अडीच तास पाण्यात उतरायचं नाही, नाहीतर जेवण अडून माणूस जागच्या जागी मरतो. माझ्या आईने सांगितलंय. ती वेळ तशीही कुणाच्या कामाची नाही. घेऊ दे की बिचाऱ्याला."

यावर निकानोरने विचार केला. जेवण झाल्यावर अडीच तास पाण्यात उतरू नये याबद्दल आमच्याकडे दोन मतं नाहीत. बाल्कनीच्या छताचा रंग ठरवायला ज्या वसाहतीने तीन सभा मोडल्या होत्या, तिने त्या संध्याकाळी खांबाला वळसा घालून सभागृहात शिरून, एकमुखाने ठराव केला: गुरुवारी चार ते पाच तलाव बंद. कारण या रकान्यात 'पाणी चालू आहे' असं लिहिलं.

एलादियो घरी आला तेव्हा एन्कार्ना खिडकीशी उभी होती. आता तिथला पडदा पूर्ण वर होता. तिने सगळं पाहिलं होतं. दाराशी पेटी उघडी पडली होती, आणि तिच्यात फक्त वडिलांच्या मळ्यातली चिमूटभर वाळकी माती होती.

"यात काय होतं?" त्याने विचारलं.

"वडिलांचं फावडं. खाली त्या भिंतीपाशी ठेवून आले. तू सभेत होतास तेव्हा. सेन्तोचं फावडं पुतण्याने भंगारात दिलं असणार."

शुक्रवारी सकाळी साडेआठला एलादियो बसच्या भीतीने फाटकाकडे गेला. एन्कार्ना आधीच तिथे होती, घरातल्या चपलांवर. वाळलेल्या संत्र्याच्या झाडाभोवती रात्रीतून गोल आळं खणलेलं होतं, माती भुसभुशीत आणि काळी ओली. खोडावर, अगदी खाली, तांदळाएवढे दोन हिरवे कोंब होते. वडिलांचं फावडं फाटकाच्या भिंतीला टेकवलेलं होतं. ते धुतलेलं होतं, पातं वर करून, काम झाल्यावर सुकायला ठेवतात तसं.

एन्कार्नाने वाकून आळ्याच्या कडेला बोट लावून पाहिलं.

"वडील याहून थोडं खोल करायचे," ती म्हणाली. "पण ठीक आहे. पुढच्या गुरुवारी सांगते त्याला."

नऊची बस फाटकासमोरून गेली. एलादियोने खिशातली यादीची आपली प्रत काढून कलम सतरावर रेघ ओढली, आणि मग वर जाऊन रिकामी पेटी कचऱ्याच्या डब्याशी नेऊन ठेवली.